तंजावूर प्रांतातील धातूचे कातकाम

तंजावूरचा इतिहास मराठीत बहुधा बृहदीश्वर मंदिरावरील शिलालेख, सरस्वती महालातील मोडी कागद आणि भोसले राजांची नाटके यांच्या आधारे लिहिला गेला, आणि तो साधारणपणे १८५५ साली, म्हणजे संस्थान खालसा झाले त्या वर्षी, थांबवला गेला. या इतिहासात राजे, पंडित, शाहीर आणि चित्रकार यांना जागा मिळाली. ओतारी, कातारी आणि लोहार यांना ती क्वचितच मिळाली. वास्तविक कावेरीच्या या सुपीक त्रिभुज प्रदेशात धातूची जी परंपरा आहे ती भोसल्यांच्या आधीची आहे आणि त्यांच्या नंतरही चालू राहिली आहे. तिचा एक भाग, म्हणजे धातू कातयंत्रावर फिरवून त्याला आकार देण्याचे काम, प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कातयंत्र, ज्याला आज कारखान्यात सरसकट लेथ म्हणतात, हे असे यंत्र आहे की ज्यात घडवायची वस्तू स्वतःच्या आसाभोवती फिरते आणि धारदार हत्यार तिच्या अंगाला लावून अनावश्यक धातू काढला जातो. म्हणून त्यातून निघणारी वस्तू आडव्या छेदात गोल असते, मग ती दिव्याची दांडी असो, पंपाचा दट्ट्या असो की रेल्वेचे चाक. मोठे कारखाने नसलेल्या या शेतीप्रधान मुलखात नवे कोरे यंत्र क्वचितच आले. जे आले ते बहुधा दुसऱ्याच्या हातून उतरलेले, झिजलेले असे आले, आणि म्हणून येथील कातकामाचा इतिहास हा यंत्र विकत घेण्याचा कमी आणि यंत्र साफ करून जुळवून घेण्याचा अधिक आहे.

कातयंत्राशिवाय धातूचे काम कोणत्या उंचीला जाऊ शकते याचे दाखले तंजावूरातच आहेत. चोळांच्या काळातील काशाच्या मूर्ती मेणाच्या साच्याने ओतलेल्या आहेत. या पद्धतीत आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर मातीचे लेप देतात, मग तापवून मेण वाहू देतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. अशा मूर्तीला गोल फिरवून कापण्याचे काहीच काम नसते. तिचे अखेरचे रूप छिन्नी आणि कानस यांनी येते, आणि कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला ही पद्धत आजही चालू आहे. दुसरा दाखला तोफेचा. नायक राजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, घडवलेली आणि आजही तंजावूरच्या कोटावर पडून असलेली लोखंडी तोफ सुमारे साडेसात मीटर लांब आणि सुमारे २२ टन वजनाची आहे. ती ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीच्या आकारात मांडून त्यांच्यावर तापवलेली कडी एकामागून एक चढवून, ठोकून ती जोडलेली आहे. पुढच्या शतकात युरोपात भरीव ओतलेली तोफ फिरवून आतून कोरण्याची रीत रूढ झाली, आणि १७७४ साली विल्किन्सनने इंग्लंडात काढलेल्या कोरणयंत्रामुळे पुढे वाफेच्या इंजिनाचे सिलिंडरही पुरेसे गोल होऊ लागले. तंजावूरच्या लोहारांनी ठोकून साधले ते तेथे कापून साधले गेले. हा फरक कौशल्याच्या उणेपणाचा नव्हता. ठोकून केलेली वस्तू एकदाच होते, आणि फिरवून कापलेली वस्तू त्याच मापाने पुन्हा करता येते. या दुसऱ्या गुणाची गरज ज्या समाजाला लागली त्याने कातयंत्र पुढे नेले.

मराठी वाचकाला या विषयात सर्वांत जवळचा वाटणारा पुरुष म्हणजे दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२). तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या या राजाचे शिक्षण मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले; १७९८ साली तो गादीवर आला आणि १७९९ च्या तहाने किल्ला व त्याभोवतीचा थोडा प्रदेश सोडून सारा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राज्य करण्यातून मोकळीक मिळालेल्या राजाने ग्रंथ, वैद्यक, वनस्पती आणि यंत्रे यांच्याकडे लक्ष वळवले. १८२६ च्या मार्चमध्ये बिशप हेबर तंजावूरला आले तेव्हाच्या वर्णनांतून सरफोजींच्या ग्रंथालयाशेजारच्या दालनाचे चित्र मिळते: हवा काढून घेण्याचा पंप, विद्युत निर्माण करणारे यंत्र, हस्तिदंताचा मानवी सांगाडा, खगोलशास्त्राची उपकरणे आणि वैद्यकाच्या पुस्तकांची कपाटे. पाहुण्यांसमोर मराठी अक्षरांत एक वाक्य छापून दाखवणारा छापखानाही होता, आणि राजाला त्याचा विशेष अभिमान होता.

हा संग्रह राजाच्या विद्याव्यासंगाची खूण म्हणून नेहमी सांगितला जातो, परंतु कातकामाच्या दृष्टीने पाहिले तर त्याला निराळा अर्थ येतो. हवा काढण्याच्या पंपाची पितळी नळी आतून सरळ आणि गोल नसेल तर दट्ट्याच्या कडेने हवा शिरते आणि पंप निकामी ठरतो. विद्युतयंत्राची काच आसावर डगमगत फिरली तर घासणारी गादी तिला सारखी लागत नाही. दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत हलक्या हाताने सरकाव्या लागतात आणि कोन मोजणाऱ्या उपकरणाचा स्क्रू प्रत्येक फेऱ्याला तितकाच पुढे गेला पाहिजे. म्हणजे त्या दालनातील बहुतेक वस्तू लंडनच्या कातयंत्रांची अपत्ये होती. सरफोजी गादीवर आले त्याच सुमारास, १८०० च्या आगेमागे, हेन्री मॉड्स्ले या लंडनच्या कारागिराने आटे कापणाऱ्या लेथला स्थिर रूप दिले. त्यात हत्यार हातात न धरता लोखंडी सरकत्या गाडीत बसवले होते, आणि ती गाडी एका लांब अचूक स्क्रूने, वस्तूच्या फिरण्याशी मेळ राखून, पुढे जात होती. हाताच्या थरथरीचा संबंध येथे तुटला.

युरोपातील राजेरजवाडे त्याआधीच्या शतकात कातकामाचा शौक करीत होते. रशियाचा पीटर राजा नार्तोव नावाच्या यंत्रज्ञाने केलेल्या लेथवर स्वतः हस्तिदंत कातत असे, फ्रान्सच्या सोळाव्या लुईला कुलपे घडवण्याचे वेड होते, आणि प्लुमिए याने १७०१ साली लिहिलेला कातकामावरचा सचित्र ग्रंथ शौकिनांच्या दिवाणखान्यांतून फिरत असे. हौसेसाठी लेथ बाळगण्याची आजची पद्धत या दरबारी शौकाची दूरची वारस आहे. सरफोजींचा संग्रह या जगाशी जोडलेला होता, आणि तो कौतुकास पात्र आहे. तरी एक गोष्ट त्याच्या विरुद्ध जाते. लंडनहून मागवलेले उपकरण बिघडले की सुट्या भागासाठी पुन्हा लंडनकडेच पाहावे लागे, कारण त्याचे आटे, त्याचे माप आणि त्याचा धातू येथल्या कोणत्याही कारखान्याशी जुळणारा नव्हता. राजाच्या दालनातील यंत्रांना मालक मिळाला, पण कारखाना मिळाला नाही. १८३२ साली सरफोजी वारले, १८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारसाविना वारल्यावर संस्थान खालसा झाले, राजवाड्यातील चीजवस्तूंवर जप्ती आली आणि राणी कामाक्षीबाईसाहेबांचा दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १८५९ साली निकालात निघाला. शस्त्रागारातील काही निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि पुष्कळशी मोडीत विकली गेली. ग्रंथ मात्र टिकले. त्यांना तेल लागत नाही.

राजवाड्यापासून थोड्या अंतरावर, राजाश्रय नसलेल्या कारागिरांच्या आळीत, कातकाम टिकले आणि वाढले. कुंभकोणमपासून सुमारे १० किलोमीटरवर असलेले नाचियारकोविल हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. तमिळमध्ये कुत्तुविळक्कु म्हटली जाणारी ही उभी समई लग्न, पूजा, नृत्याचा रंगमंच आणि सरकारी समारंभ यांत अपरिहार्य मानली जाते, आणि वीतभर उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंत ती केली जाते. कारागीर कम्माळर समाजाचे आहेत. या समाजात लोहार, सुतार, कासार, सोनार आणि पाथरवट असे पाच धंदे एकत्र मानले जातात आणि तो स्वतःला विश्वकर्म्याचा वंश म्हणवतो. यांचे पूर्वज दक्षिणेकडच्या नागरकोविलहून आले आणि येथे स्थिरावले असे सांगितले जाते, व त्याचे कारण म्हणून नदीच्या गाळाची तांबूस, बारीक, चिकट माती दाखवली जाते. वंडल नावाची ही माती ओतकामाच्या साच्याला फार उपयुक्त असते, कारण ती ओलसर असताना नमुन्याचा ठसा नेमका घेते, तापलेल्या पितळेने फुटत नाही आणि पितळ ओतताना निघणारी वाफ कणांमधून बाहेर जाऊ देते.

समई एकसंध ओतली जात नाही. बैठक, दांडी, तेलाची वाटी आणि शिखरावरचा हंस किंवा प्रभावळ असे भाग वेगवेगळे ओतले जातात. पेटीच्या दोन अर्ध्यांमध्ये माती ठासून, मध्ये नमुना दाबून, नमुना काढून घेतल्यावर उरलेल्या पोकळीत पितळ ओततात. थंड झालेला भाग बाहेर येतो तेव्हा तो खडबडीत असतो. त्याच्या अंगावर वाळूचे कण रुतलेले असतात, दोन अर्ध्यांच्या सांध्यावर धातूची पातळ कड उभी राहिलेली असते आणि जिथून धातू आत गेला तिथे देठासारखा तुकडा उरलेला असतो. येथून पुढे कातयंत्राचे काम सुरू होते, आणि समईचे सौंदर्य खरे पाहता येथेच ठरते. दांडीवरची एकावर एक येणारी कडी, मणी, गळे आणि फुगे हे सारे हत्याराच्या टोकातून निघतात. साचा केवळ त्यांची जाडजूड पूर्वसूचना देतो.

जुने देशी कातयंत्र जमिनीलगत असे. दोन खुंटांच्या मध्ये आस, आसाभोवती गुंडाळलेली दोरी किंवा चामड्याचा पट्टा, आणि ती दोन हातांनी आळीपाळीने ओढणारा एक मदतनीस अशी त्याची रचना होती. यामुळे वस्तू एकदा पुढे आणि एकदा मागे फिरे. कातारी पुढच्या फेऱ्यात हत्यार लावी आणि मागच्या फेऱ्यात ते किंचित उचलून घेई. निम्मा वेळ कापण्याविना जात असे, हे खरे, पण एवढ्यावरून या यंत्राला मागासलेले ठरवणे उतावळेपणाचे होईल. पितळ हा लोखंडापेक्षा मऊ धातू असल्याने त्याला प्रचंड बळ लागत नाही, आणि हातात धरलेले हत्यार वाटेल त्या वक्राकाराने फिरवता येते. उलट मॉड्स्लेच्या सरकत्या गाडीला सरळ रेषा आवडते आणि समईच्या दांडीवर सरळ रेषा फारशी नसते. वाटीसारखा पोकळ भाग यंत्रावर धरण्यासाठी लाकडी मुंड्यावर गरम लाख लावून तो चिकटवीत आणि काम झाल्यावर पुन्हा तापवून सोडवीत. महाराष्ट्रातील तांबट व कासार यांच्या कामातही लाखेची ही युक्ती आढळते. भागांच्या टोकांना आटे पाडून ते एकमेकांत फिरवून बसवतात, म्हणून समई खोलून घासता येते आणि प्रवासात नेता येते. हाताने पाडलेले आटे एका मापाचे नसतात. व्हिटवर्थने १८४१ साली इंग्लंडात आट्यांचे ठरावीक प्रमाण सुचवले ते याच अडचणीवर उपाय म्हणून, आणि ते येथे पोहोचायला रेल्वे यावी लागली.

ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वेने नागपट्टिणमच्या बंदरापासून तंजावूरवरून तिरुचिरापल्लीपर्यंतचा मार्ग १८६१–६२ मध्ये सुरू केला. पुढे १८७४ मध्ये दुसऱ्या एका कंपनीशी एकत्रीकरण होऊन तिची साउथ इंडियन रेल्वे झाली. नागपट्टिणम त्या काळी आणि पुढे १९९१ पर्यंत तंजावूर जिल्ह्यातच होते, आणि तेथे रेल्वेचे मोठे दुरुस्ती कारखाने उभे राहिले. रेल्वेच्या कारखान्यात लेथ हे मध्यवर्ती यंत्र असते: धावून धावून चाकाची कड असमान झिजते, म्हणून चाकांची आसासहित जोडी मोठ्या लेथवर चढवून पुन्हा योग्य आकारात कापावी लागते, नाहीतर गाडी रुळावर हेलकावे खाते. शिवाय इंजिनाचे दट्टे, झडपा, बुशिंग म्हणजे आसाभोवतीची पितळी कवचे, असे शेकडो भाग तेथेच करावे लागतात. यामुळे तंजावूर जिल्ह्यात प्रथमच ठरावीक मापाने, ड्रॉइंग वाचून, मायक्रोमीटर लावून काम करणारा टर्नर नावाचा कामगार तयार झाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हे कारखाने तिरुचिरापल्लीजवळ पोन्मलै, इंग्रजांच्या गोल्डन रॉक, येथे हलवले गेले; कामगार कपातीच्या प्रश्नावरून १९२८ च्या जुलैमध्ये सिंगारवेलू प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मोठा संप झाला आणि तो मोडला गेला. संपाचा इतिहास कामगार चळवळीच्या पुस्तकांतून आला आहे. मागे राहिलेल्या किंवा काढून टाकलेल्या कसबी हातांचे मोल मात्र त्या पुस्तकांच्या हिशेबात बसत नाही; ज्या जिल्ह्यात भातगिरण्या, ऑइल इंजिने आणि पाण्याचे पंप वाढत होते तिथे असा प्रत्येक हात म्हणजे एक संभाव्य दुरुस्तीचे दुकान होते.

दुकानाला लेथ लागतो, आणि विलायती लेथ छोट्या दुकानदाराच्या आवाक्यात नव्हता. ही कोंडी फोडण्यात एका मराठी घराण्याचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरीनंतर बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर असा प्रवास केला, १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि याच उद्योगसमूहाने १९४१ साली तुंगभद्रेकाठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढून लेथ बांधण्यास प्रारंभ केला. स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, बंगळूरला स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या साहाय्याने हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. जवळच्या कोइमतूरला, जिथे पीएसजी संस्थेने १९२६ पासून तंत्रशिक्षण आणि कारखाना एकत्र चालवला, आणि उत्तरेत बटाला व पश्चिमेत राजकोट येथे साधे, स्वस्त, पट्ट्यावर चालणारे लेथ निघू लागले. मोठे कारखाने दहा-वीस वर्षांनी यंत्रे बदलतात. काढून टाकलेली यंत्रे लिलावातून दलालाकडे, दलालाकडून जिल्ह्याच्या गावी आणि तेथून तालुक्याच्या दुकानात येतात. हरिहरचा लेथ कुंभकोणमच्या एखाद्या भातगिरणीशेजारी पोहोचतो तो बहुधा तिसऱ्या मालकाच्या नावाने.

असा लेथ हाती आल्यावर त्याचे काय करावे लागते, हे धातूच्या इतिहासात दुर्लक्षिलेले पण सर्वांत शिकवणारे प्रकरण आहे, आणि म्हणून येथे त्यावर थोडे थांबणे योग्य ठरेल. लेथचे मुख्य भाग चार. बेड म्हणजे लांब बिडाचा पाया, ज्याच्या वरच्या घासून गुळगुळीत केलेल्या कडांवर बाकीचे भाग सरकतात. डाव्या टोकाचा हेडस्टॉक, ज्यात वस्तू फिरवणारा स्पिंडल असतो. उजव्या टोकाचा टेलस्टॉक, जो लांब वस्तूचे दुसरे टोक पेलतो. आणि या दोहोंच्या मध्ये हत्यार घेऊन सरकणारी गाडी, म्हणजे कॅरेज. जुन्या यंत्राचा पहिला शत्रू गंज नसून राब असते. वर्षानुवर्षांचे तेल, पितळेचा भुसा आणि बिडाची काळी पूड यांचा थर घट्ट होऊन तेलाची छिद्रे बुजवतो आणि गाडीच्या पोटाखाली सहाणेचे काम करतो. केरोसीन, केसाळ कुंचला आणि जुनी धोतरे यांनी ही राब काढली जाते. हवेच्या झोताने ती उडवण्याचा मोह टाळावा लागतो, कारण झोत बारीक कणांना बाहेर न काढता सरकत्या भागांच्या फटीत ढकलतो. नाचियारकोविलसारख्या ठिकाणी हा धोका दुप्पट आहे. जी वंडल माती ओतकामाची माय आहे तीच लेथच्या बेडची वैरीण आहे: ओतीव भागाच्या कातड्यात रुतलेली वाळू पहिल्याच फेऱ्यात सुटून बेडवर पडते, आणि सिलिकाचा कण बिडाला कुरतडतो. म्हणून पहिला काप वरवर न घेता कातड्याच्या खालून, एकाच खोल फेऱ्यात घेणे आणि काम संपताच बेड पुसून तेल लावणे ही शिस्त येथे अनिवार्य होते. हत्याराची धारही निराळी ठेवावी लागते. लोखंडासाठी माथ्याला उतार दिलेले हत्यार पितळेत एकदम घुसते आणि वस्तूला ओढते, म्हणून पितळेसाठी माथा सपाट ठेवतात.

सफाईनंतर यंत्र जमिनीवर बसवणे येते. बेड पाण्यासारखा समतल असण्याची गरज नाही, समुद्रातल्या जहाजांवरही लेथ चालतात. गरज आहे ती बेडला पीळ नसण्याची. चार पायांपैकी एक पाय किंचित उंच बसला तरी बोल्ट आवळताना लांब बेड मुरगळतो, आणि मग एका टोकाला कापलेला व्यास दुसऱ्या टोकाशी जुळत नाही. स्पिरिट लेव्हल बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांचे वाचन सारखे येईपर्यंत पायांखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सरकवतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ही गोष्ट एकदा करून भागत नाही. येथील चिकणमाती ईशान्य मोसमी पावसात, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पातळ फरशीवर बसवलेला लेथ जमिनीबरोबर हलतो. काँक्रीटचा खोल पाया ज्याला परवडत नाही त्याने पावसाळ्यानंतर लेव्हल पुन्हा लावून पाहणे हाच उपाय.

त्यानंतर स्पिंडलची परीक्षा. जुन्या लेथमध्ये स्पिंडल काशाच्या किंवा पांढऱ्या मऊ मिश्रधातूच्या बेअरिंगमध्ये फिरतो आणि बेअरिंगच्या दोन अर्ध्यांमध्ये पातळ पत्रे, म्हणजे शिम, घातलेले असतात. चकमध्ये, म्हणजे वस्तू पकडणाऱ्या जबड्यात, भक्कम सळई धरून ती वर उचलली असता डायल गेजचा काटा किती हलतो यावरून ढिलाई कळते. शिम काढत काढत ती शंभरांश मिलीमीटरच्या घरात आणतात, पण इतकी घट्टही नाही की तेलाचा थर राहायला जागा उरू नये. अर्धा तास फिरवल्यावर बेअरिंग हाताला कोमट लागावी. हात ठेववत नसेल तर आवळण्यात घाई झाली आहे.

गाडीच्या सरकत्या भागांत जिब नावाची पट्टी असते. सरकणारा भाग आणि त्याची खाच यांतील फट भरून काढणारी ही लांब पाचर बाजूच्या स्क्रूंनी आवळता येते. जुन्या लेथचा खरा स्वभाव येथे दिसतो. बहुतेक काम हेडस्टॉकच्या जवळ होत असल्याने बेड तेथे सर्वांत जास्त झिजलेला असतो आणि उजव्या टोकाला जवळजवळ नवा असतो. परिणामी डावीकडे बरोबर बेतलेली जिब गाडी उजवीकडे नेताच अडकवते, आणि उजवीकडे बेतलेली जिब डावीकडे गाडीला डुलू देते. यावर पूर्ण उपाय म्हणजे बेड पुन्हा घासून घेणे. सपाट पोलादी पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर फिरवायची, जिथे रंग लागला तो उंच भाग हातखरवडणीने कणाकणाने काढायचा, आणि सगळीकडे सारखे ठिपके उमटेपर्यंत हे चालू ठेवायचे. अशा खऱ्या सपाटीची रीत व्हिटवर्थने १८४० साली मांडली आणि ती आजही बदललेली नाही. एवढा वेळ दुकानदाराकडे नसतो. तो जिब मधल्या मापावर ठेवतो आणि नाजूक काम बेडच्या कोणत्या वीतभर भागात करायचे हे मनाशी ठरवून घेतो. पुस्तकी अचूकतेचा आग्रह धरणाऱ्याला ही तडजोड वाटेल, परंतु यंत्राची चूक कुठे आणि किती आहे हे ज्याला माहीत आहे त्याचे काम नव्या यंत्रावरच्या अजाण माणसापेक्षा सरस निघते.

हत्यार पुढे-मागे नेणाऱ्या स्क्रूचा नट झिजला की हँडल उलट फिरवताना काही भाग नुसताच फिरतो. त्याला कारखान्यात प्ले म्हणतात. हत्यार नेहमी एकाच दिशेने मापावर आणले तर हा दोष कामात उतरत नाही, आणि फार वाढला तर काशाचा नवा नट ओतून घ्यावा लागतो. ओताऱ्यांच्या मुलखात हा सर्वांत सोपा सुटा भाग आहे. शेवटी टेलस्टॉक. दोन टोकांच्या मध्ये सळई धरून तिच्यावरून हलका काप घेतात आणि दोन्ही टोकांचा व्यास मायक्रोमीटरने मोजतात. टोकांच्या व्यासात ०.१० मिलीमीटर फरक आला तर टेलस्टॉक त्याच्या निम्म्याने, म्हणजे ०.०५ मिलीमीटरने, बाजूला आहे असे समजून तळाच्या दोन स्क्रूंनी तो सरकवतात, आणि पुन्हा काप घेतात. बेडचा पीळ आधी काढलेला नसेल तर ही जुळवणी खोटी ठरते, कारण दोन चुका एकमेकींना झाकतात आणि वस्तूची लांबी बदलताच पुन्हा उघड्या पडतात. म्हणून सारा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सफाई, मग बैठक, मग स्पिंडल, मग जिब आणि सर्वांत शेवटी टेलस्टॉक.

ही विद्या इंग्लंडात हौशी लोकांनी छापून ठेवली. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली काढलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकातून घरच्या खोलीत छोटी वाफेची इंजिने बनवणाऱ्या कारकुनांना व शिक्षकांना लेथ जुळवण्याचे धडे मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मायफर्ड कंपनीने त्यांच्यासाठी खास लहान लेथ काढले, जे आजही हातोहात विकले जातात. तंजावूरकडे ती तोंडी राहिली. गुरूच्या हाताखाली तेल घालण्यापासून सुरुवात करणारा मुलगा पाच-सहा वर्षांत यंत्राचा आवाज ऐकून जिब सैल आहे की पट्टा घसरतो आहे हे सांगू लागे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेला तरुण आज ड्रॉइंग अधिक चांगले वाचतो, पण त्याला बहुधा नवे यंत्र आणि संगणकावर चालणारा लेथ हवा असतो, आणि त्यात काही गैर नाही. भारतातही निवृत्त अभियंते आणि हौशी कारागीर अलीकडे असे जुने छोटे लेथ शोधून घरी आणतात. त्यांना जी कामे सुटीचा छंद म्हणून करावीशी वाटतात ती कुंभकोणमच्या दुकानात अजून पोटाचा धंदा आहेत.

नाचियारकोविलमध्ये दोरीची कातयंत्रे मागे पडून विजेच्या मोटारीवरचे लेथ आले आहेत, आणि पूम्पुहार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तमिळनाडूच्या हस्तकला महामंडळाचे समया बनवण्याचे केंद्र तेथे चालते. भौगोलिक मानांकनाने नाचियारकोविलच्या समईला नावाचे संरक्षण दिले. तिच्या व्याख्येत माती आणि ओतकाम येते. तिच्या दांडीवरची कडी ज्या लेथवर उतरतात तो हरिहरचा आहे की बटाल्याचा, याच्याशी मानांकनाला कर्तव्य नाही. कातारी मात्र दांडी चढवण्याआधी हत्याराचे टोक टेलस्टॉकच्या टोकाला भिडवून दोन्हींची उंची एक आहे ना हे पाहून घेतो, कारण हत्यार केसभर वर राहिले तर पितळ कापले न जाता घासले जाते आणि केसभर खाली गेले तर बारीक गळ्याशी दांडी हत्यारावर चढून वाकते.